आरोग्यानंतरची परीक्षा

यहुदाचा राजा हिज्कीया मरणाच्या दारातून परतला. त्याचे अश्रू पाहून परमेश्वराने त्याला आणखी १५ वर्षांचे आयुष्य दिले (२ राजे २०). पुढे बाबेलचे दूत समाचारास आले, तेव्हा देवाच्या कृपेची साक्ष देण्याऐवजी त्याने त्यांना आपली भांडारे दाखवली. उपकार विसरून त्याचे मन गर्विष्ठ झाले होते (२ इतिहास ३२:२५).

आजारपणात आपणही नोव्हेना करतो. बरे झाल्यावर नवस फेडतो आणि देवाशी असलेला हिशेब मिटला, असे समजतो. परंतु कृतज्ञता एका दिवसाची नसते. ‘युखरिस्त’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. म्हणून आजारात सुरू झालेली प्रार्थना आणि रविवारची मिस्सा आरोग्यातही चालू ठेवू या. हिज्कीया अखेर नम्र झाला. परतीची वाट आपल्यालाही खुली आहे.