दारफळणीचा सण: कोकणातले ज्यू वर्षातून एक दिवस दारं बंद का करून घ्यायचे?

रायगड जिल्ह्यातल्या गावांत तेलाचे घाणे चालवणारी काही कुटुंबं शनिवारी घाणा बंद ठेवायची. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचे. वर्षातून एक दिवस तर ही कुटुंबं घराची दारंही लावून घ्यायची. पांढरे कपडे, कडक उपवास आणि बाहेरच्या कुणाशी संपर्क नाही. या दिवसाचं मराठी नाव ‘दारफळणीचा सण’, म्हणजे दारं बंद करण्याचा सण.

ही कुटुंबं होती बेने इस्रायली ज्यूंची. त्यांचा हा सण जगभर ‘योम किप्पूर’ म्हणून ओळखला जातो.

योम किप्पूर म्हणजे काय?

प्रायश्चित्ताचा दिवस. ज्यू नववर्ष तिश्री महिन्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. त्यानंतर दहाव्या दिवशी योम किप्पूर येतो. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्याने आदल्या संध्याकाळपासून सुमारे 25 तास उपवास चालतो.

काय करायचं नाही?

अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य. अंघोळ, अंगाला तेल लावणं, चामड्याची पादत्राणं आणि शरीरसंबंधही नाहीत. मात्र उपवासाने जिवाला धोका असेल, तर त्या व्यक्तीने खायलाच हवं. कारण धर्मनियमानुसार जीव वाचवणं उपवासापेक्षा मोठं.

फक्त उपवासाने माफी मिळते का?

नाही. देवाचा अपराध केला असेल तर या दिवशी देवाकडे क्षमा मागता येते. पण माणसाला दुखावलं असेल, तर आधी त्या माणसाकडेच जावं लागतं. त्याची समजूत काढल्याशिवाय प्रायश्चित्त पूर्ण होत नाही, असं ज्यू धर्मशास्त्र सांगतं. त्यामुळे योम किप्पूरच्या आधीच्या दिवसांत लोक नातेवाइकांची, मित्रांची माफी मागतात.

मग दाराचा संबंध काय?

बेने इस्रायलींच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे कित्येक पिढ्या त्यांच्याकडे प्रार्थनामंदिर म्हणजे सिनेगॉगही नव्हतं. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये उभं राहिलं. तोवर सण पाळायचा तो घरातच, दार लावून.

गंमत म्हणजे सिनेगॉगमध्ये योम किप्पूरची शेवटची प्रार्थना असते ‘नेइला’. तिचा अर्थही ‘बंद होणं’ असाच. संध्याकाळी स्वर्गाची दारं मिटण्याआधी क्षमा मागायची ही शेवटची संधी, अशी श्रद्धा आहे. त्यानंतर शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं वाद्य, वाजतं आणि उपवास संपतो.

कोकणात दुसऱ्या दिवशी असायचा ‘शिळा सण’. बंद दारं उघडायची, गरिबांना दान दिलं जायचं आणि लोक एकमेकांच्या घरी भेटायला जायचे.