धनिक प्रचारकांचे पक्षांतर : २००८ची अमेरिकी निवडणूक आणि त्यानंतर

अमेरिकेच्या निवडणुकांत ‘सरोगेट’ या नावाने ओळखला जाणारा एक वर्ग आहे. उमेदवार स्वतः जिथे पोहोचू शकत नाही, किंवा जे बोलणे त्याच्या तोंडी शोभत नाही, तिथे त्याच्या वतीने दूरचित्रवाणीवर, सभांमध्ये आणि बंद दाराआडच्या भोजनसमारंभांत बोलणारी ही माणसे असतात. भारतातील ‘स्टार प्रचारक’ त्यांच्या जवळचे. मात्र स्टार प्रचारकांची यादी पक्षाला निवडणूक आयोगाकडे सादर करावी लागते, तशी कायदेशीर ओळख सरोगेटला नसते. या वर्गात गव्हर्नर, सिनेटर, निवृत्त सेनाधिकारी, नट-नट्या असे सगळेच येतात. परंतु ज्यांचे राजकीय वजन मुख्यतः स्वतःच्या संपत्तीतून आणि त्याहूनही मोठ्या अशा धनिक परिचितांच्या वर्तुळातून आलेले असते, त्यांचा गट निराळा काढून पाहण्याजोगा आहे, कारण पक्षाची सीमा ओलांडताना सामान्य मतदाराला जी घालमेल होते ती या गटात क्वचितच दिसते.

हा गट एवढा महत्त्वाचा का झाला, हे कळण्यासाठी वर्गणीचा कायदा पाहावा लागतो. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ मध्ये एका व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी द्यावयाच्या रकमेवर १,००० डॉलरची मर्यादा घालण्यात आली. २००२ च्या मॅकेन-फाइनगोल्ड कायद्याने ती २,००० डॉलर केली आणि महागाईशी जोडली, त्यामुळे २००८ साली ती २,३०० डॉलर होती. अब्जाधीशाचा आणि शाळामास्तराचा धनादेश असा कायद्याने एका मापात आणला, तेव्हा महत्त्व आले ते शेकडो परिचितांकडून असे धनादेश गोळा करून त्यांची मोळी बांधून देणाऱ्या ‘बंडलर’ला. जॉर्ज बुश यांनी एक लाख डॉलर जमवणाऱ्यांना ‘पायोनियर’ आणि दोन लाख जमवणाऱ्यांना ‘रेंजर’ अशा पदव्या दिल्या. हिलरी क्लिंटन यांच्यासाठी एक लाख जमवणारे ‘हिलरेझर’ म्हणवले जात. या श्रमांचे फळ अनेकदा राजदूतपदाच्या रूपाने मिळते. अमेरिकेचे साधारण एक तृतीयांश राजदूत परंपरेने परराष्ट्र सेवेबाहेरून, राजकीय नेमणुकीने येतात, आणि त्यांत बंडलरांची संख्या लक्षणीय असते.

लिन फॉरेस्टर डी रॉथ्सचाइल्ड या अशाच एक हिलरेझर होत्या. न्यू जर्सीत जन्मलेल्या, कायद्याचे शिक्षण घेतलेल्या आणि दूरसंचार व्यवसायात स्वतः पैसा मिळवलेल्या या बाईंनी २००० साली ब्रिटिश बँकर सर एव्हलिन डी रॉथ्सचाइल्ड यांच्याशी विवाह केला आणि त्या ‘लेडी’ झाल्या. क्लिंटन दांपत्याशी त्यांची जुनी मैत्री होती आणि २००८ साली डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा ठरवणाऱ्या समितीत त्यांना स्थान होते. जूनमध्ये हिलरी यांनी पक्षाच्या उमेदवारीच्या शर्यतीतून माघार घेऊन बराक ओबामा यांना पाठिंबा दिला, ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात पक्षैक्याचे प्रदर्शनही झाले, आणि १७ सप्टेंबर रोजी लेडी रॉथ्सचाइल्ड यांनी समितीचा राजीनामा देऊन रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना पाठिंबा जाहीर केला. डेमोक्रॅटिक पक्ष फार डावीकडे झुकला आहे, मॅकेन मध्यममार्गी आहेत, आणि ओबामा हे सामान्य माणसाशी नाते न सांगणारे, उच्चभ्रू वृत्तीचे गृहस्थ आहेत, अशी त्यांची कारणे होती.

शेवटच्या कारणावर अमेरिकेत बरीच थट्टा झाली आणि ती स्वाभाविकच होती. युरोपातील सर्वांत प्रसिद्ध सावकारी घराण्याच्या सुनेने, आई आणि आजी-आजोबांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला उच्चभ्रू ठरवावे, यात विनोद उघड आहे. त्यात मॅकेन यांना महिन्यापूर्वीच आपल्या मालकीची घरे किती, या प्रश्नाचे उत्तर देता आले नव्हते. परंतु थट्टेपलीकडे पाहिले तर खरा प्रश्न वेगळाच दिसतो. आरोग्यविमा, इराकमधून सैन्य माघारी आणणे, श्रीमंतांवरील कर या सर्व बाबतींत हिलरी आणि ओबामा यांच्यातील अंतर अल्प होते, आणि मॅकेन त्या दोघांच्याही विरुद्ध टोकाला होते. धोरणावर निष्ठा असणाऱ्याला हे अंतर एका उन्हाळ्यात पार करता आले नसते. निष्ठा व्यक्तीवर, तिच्या घरच्या ओळखीवर आणि तिच्या सत्तेत मिळणाऱ्या प्रवेशावर असेल, तर मात्र उमेदवार बदलताच पक्ष परका वाटू लागणे अगदी सुसंगत ठरते. आणि या बाईंच्या पुढील वर्तनाचा अर्थ याच रीतीने नीट लागतो.

मॅकेन यांना या पाठिंब्यातून काय मिळाले, हेही तपासण्यासारखे आहे. त्यांनी सरकारी निवडणूक-निधीतून ८ कोटी ४० लाख डॉलर स्वीकारले होते, आणि तो स्वीकारणाऱ्याला अंतिम लढतीच्या प्रचारासाठी खासगी वर्गणी घेता येत नाही. पैसा पक्षाच्या तिजोरीत जाऊ शकत होता, उमेदवाराच्या नव्हे. ज्या कौशल्यासाठी बंडलर ओळखला जातो, त्याचा उपयोग तिथे अर्धाच उरला होता. रिपब्लिकन पक्षाला खरी गरज होती ती ‘हिलरीची समर्थक’ या बिरुदाची, म्हणजे ज्या पक्षातून ही व्यक्ती बाहेर पडली त्या पक्षाच्या शिक्क्याची. असे बिरुद बातमीच्या पहिल्या दोन-चार दिवसांतच खपते. त्यात मुहूर्तही वाईट साधला गेला. १५ सप्टेंबरला लीमन ब्रदर्स बुडाली होती, वॉल स्ट्रीट कोसळत होती, आणि अशा आठवड्यात बँकर घराण्यातील पाठिंबा हा मिरवण्याचा दागिना उरला नव्हता. लेडी रॉथ्सचाइल्ड यांच्या घोषणेच्या आदल्याच दिवशी मॅकेन यांच्या दुसऱ्या धनिक सरोगेट, ह्यूलेट-पॅकार्डच्या माजी प्रमुख कार्ली फिओरिना, यांनी मॅकेन यांना मोठी कंपनी चालवता येणार नाही असे दूरचित्रवाणीवर बोलून ठेवले होते. पक्षाच्या शिस्तीत न वाढलेल्या माणसाच्या तोंडावर ताबा नसतो, हा या वर्गाचा दुसरा दोष. नोव्हेंबरमध्ये ओबामा ३६५ निर्वाचक मते मिळवून निवडून आले.

त्यानंतरची ये-जा पाहता ही काही अपवादात्मक गोष्ट नव्हती. २००८ मध्ये मॅकेन यांच्या प्रचारात अग्रभागी असलेल्या, ईबेच्या माजी प्रमुख मेग व्हिटमन यांनी २०१० साली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन उमेदवार म्हणून स्वतःचे १४ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले आणि त्या हरल्या. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्याविरुद्ध त्यांनी हिलरी यांना पाठिंबा दिला, आणि पुढे बायडन यांनी त्यांना केनियात राजदूत म्हणून पाठवले. त्यांच्याबाबतीत निदान एक सुसंगत कारण होते, कारण त्यांचा पक्षच त्यांच्या पायाखालून सरकला होता. मायकेल ब्लूमबर्ग डेमोक्रॅट, रिपब्लिकन, अपक्ष आणि पुन्हा डेमोक्रॅट असा फेरा पूर्ण करून आले. खुद्द डोनाल्ड ट्रम्प यांनी हिलरी यांच्या सिनेटच्या निवडणुकांना वर्गण्या दिल्या होत्या, आणि २००५ साली त्यांच्या लग्नाला हिलरी पाहुण्या म्हणून हजर होत्या.

२०१० मध्ये न्यायालयीन निकालांनी स्वतंत्र खर्चावरील बंधने उठवली आणि ‘सुपर पॅक’, म्हणजे उमेदवाराशी औपचारिक समन्वय न ठेवता अमर्याद पैसा खर्चू शकणाऱ्या समित्या, अस्तित्वात आल्या. तेव्हापासून धनिकाला मोळी बांधण्याची गरज उरली नाही. एलॉन मस्क यांनी स्वतःच्या सांगण्यानुसार २०२० मध्ये बायडन यांना मत दिले होते; २०२४ मध्ये त्यांनी ट्रम्प यांच्या बाजूने २५ कोटी डॉलरहून अधिक खर्च केले, व्यासपीठावर सरोगेट म्हणून उड्याही मारल्या, आणि २०२५ च्या जुलैमध्ये ट्रम्प यांच्याशी बिनसल्यावर स्वतःचा निराळा पक्ष काढण्याची घोषणा केली. २००८ मध्ये फक्त नाव सीमा ओलांडत होते. आता नावाबरोबर तिजोरीही ओलांडते, आणि ती परत फिरली तर पक्षाला जाणवणारा धक्का त्याच मापाचा असतो.

लेडी रॉथ्सचाइल्ड यांच्यापुरते सांगायचे तर, हिलरी २०१६ मध्ये पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा त्या डेमोक्रॅटिक पक्षात पुन्हा दिसू लागल्या. त्या वर्षी मार्थाज व्हिनयार्ड बेटावरील त्यांच्या समुद्रकाठच्या घरी हिलरी यांच्यासाठी भोजन झाले, आणि त्याचा दर एका जोडप्याला एक लाख डॉलर होता.