औतांचे लोखंडी भाग लाकडास कसे जोडावेत?

सोलापूर जिल्ह्यात रब्बी ज्वारीची पेरणी साधारणतः १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात होते. पावसाने उघडीप दिल्यावर भारी काळ्या जमिनीस वाफसा येतो. परंतु तो फार दिवस टिकत नाही. अशा वेळी तिफणीच्या फणाचे लोखंडी टोक निघाले, तर सुतार-लोहार शोधण्यात मोलाचा दिवस जातो. टोक न निघता नुसते हलत राहिले, तर नुकसान अधिकच होते. सुमारे ५ सें.मी. खोल ओलीत पडावयाचे बी काही ओळींत वरच्या कोरड्या मातीत पडते व ही चूक उगवणीनंतरच दिसून येते. ट्रॅक्टरचा वापर वाढला असला, तरी जेथे बैलजोडी व लाकडी औते आहेत तेथे या जोडांकडे लक्ष दिलेच पाहिजे.

जोड निवडताना पहिला प्रश्न असा की, हा भाग किती वेळा काढावयाचा आहे?

वारंवार काढावयाचे भाग : नांगराचा फाळ व कुळवाची फास धार गेली की लोहाराकडून शेवटून आणावी लागते. असे भाग कडी व पाचर यांनीच बसवावेत. फाळावरील वसू ही याच प्रकारची कडी होय. हातोड्याच्या दोन ठोक्यांनी हा जोड सुटतो व लाकडास नवे भोक पडत नाही. पाचर वाळलेल्या, कठीण लाकडाची असावी. ओल्या लाकडाची पाचर वाळली की आक्रसते व गळून पडते.

हंगामातून एकदा काढावयाचे भाग : लोखंडी पट्ट्या व पत्त्या यांसाठी आरपार बोल्ट उत्तम. त्यांतही गोल डोक्याचा व चौकोनी मानेचा बोल्ट निवडावा. त्याची मान लाकडात रुतून बसते. त्यामुळे नट फिरविताना बोल्ट फिरत नाही व एकाच पान्याने काम होते. डोके लाकडाकडे व नट लोखंडाकडे ठेवावा. नट लाकडावर येत असेल, तर खाली रुंद वायसर घालावा. एरवी नट लाकडात रुततो व जोड ढिला होतो. हादऱ्यांनी नट सुटू नये म्हणून त्यावर दुसरा नट आवळावा.

भोक लाकडाच्या टोकाजवळ पाडू नये. टोकापासून बोल्टच्या जाडीच्या निदान सातपट अंतर सोडावे. तीन सुती, म्हणजे सुमारे १० मि.मी. बोल्टसाठी हे अंतर ७ सें.मी. होते. याहून जवळ भोक घेतल्यास ओढ बसताच लाकूड रेषेत चिरते.

क्वचित काढावयाचे भाग : येथे स्क्रू चालतो. मात्र तो प्रत्येक वेळी काढून घातल्यास लाकडातील आटे झिजतात व पकड जाते. स्क्रूपूर्वी बारीक भोक पाडावे; तो हातोडीने ठोकू नये. लाकडाच्या कापलेल्या टोकात स्क्रूची पकड कमी असते, म्हणून तो बाजूनेच बसवावा. खिळा मात्र कधीही न काढावयाच्या भागासच मारावा.

लाकडाचा स्वभाव : औतांसाठी बाभळीचे लाकूड चांगले, पण ते पूर्ण वाळलेले असावे. लाकूड वाळताना आडवे आक्रसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पावसाळ्यात घट्ट केलेला बोल्ट सोलापूरच्या उन्हाळ्यात ढिला पडतो. तसेच बाभळीसारख्या टॅनिनयुक्त लाकडात ओल राहिली की लोखंड लवकर गंजते. म्हणून बोल्ट बसविण्यापूर्वी भोकात जवसाचे तेल सोडावे, आट्यांस ग्रीस लावावे व काम संपताच औत सावलीत ठेवावे.

पेरणीपूर्वी आठ दिवस आधी प्रत्येक भाग हाताने हलवून पाहावा, ढिले नट आवळावेत, नव्या पाचरा बसवाव्यात. दोन जादा बोल्ट, चार पाचरा व एक पाना तिफणीबरोबर शेतात न्यावा. एवढ्या तयारीने वाफशाचा एक दिवस वाचला, तरी तो खर्च भरून निघतो.