खेळ समजून घेताना (भाग ७) : रहाणेवरचा वाद कुठे अडतो?

संगमनेर तालुक्यातलं आश्वी खुर्द प्रवरेकाठी आहे. तिथून ही नदी कोल्हार, बेलापूर करत नेवाशाला येते आणि पुढे प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते. अजिंक्य रहाणेचा जन्म ६ जून १९८८ रोजी आश्वी खुर्दचा. तो वाढला डोंबिवलीत, खेळला मुंबईकडून. तरी नेवाशातल्या क्रिकेटवेड्यांच्या लेखी तो आपल्या नदीकाठचाच. म्हणून त्याच्या खेळावरचा वाद इथे थंड डोक्याने होत नाही. घरातल्या मुलाच्या मार्कांवर बोलावं तसं सगळे तावातावाने बोलतात.

नेवासा फाट्यावर चहा घेताना हा विषय निघाला की दोन बाजू लगेच पडतात. एका बाजूचं म्हणणं, परदेशात संघ गाळात असताना उभा राहिला तो हाच, आणि त्यालाच सगळ्यात आधी घरी बसवलं. दुसरी बाजू विचारते, एका मेलबर्नवर किती वर्षं काढायची? कसोटी फलंदाजाची सरासरी चाळिशीच्या खाली असेल तर जागा दुसऱ्याला द्यायला नको का? दोघांकडे खरे आकडे असतात, आणि तरी वाद जागचा हलत नाही. दोन्हीकडचे लोक वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात, हे त्याचं कारण. या भागात ते प्रश्न एकेक करून सुटे करू.

सुरुवात सरासरीपासून. रहाणे ८५ कसोटी खेळला, १४४ डाव, त्यात १२ वेळा नाबाद. म्हणजे तो १३२ वेळा बाद झाला. धावा ५,०७७. भागाकार केला की ३८.४६ येतात. आता यातलं एकच वर्ष बाजूला काढून पाहा. २०२१ मध्ये तो १३ कसोटी खेळला आणि ४७९ धावा केल्या, सरासरी २०.८२. हे वर्ष वगळलं तर उरलेल्या कारकिर्दीची सरासरी ४२.१८ होते. एका वर्षाने आख्खी कारकीर्द जवळजवळ चार धावांनी खाली ओढली.

याचा अर्थ ते वर्ष माफ करायचं, असा नाही. १३ कसोटी म्हणजे कारकिर्दीचा सातवा हिस्सा. तो पुसून टाकता येत नाही. पण सरासरी हा सगळ्या वर्षांचा एकत्र लगदा असतो. खेळाडू कधी चढता होता, कधी उतरणीला लागला, हे त्यातून कळत नाही. निवड समितीला आजचा खेळाडू निवडायचा असतो आणि चाहता आख्ख्या कारकिर्दीचा हिशेब मांडत असतो. फाट्यावरच्या वादाची पहिली गाठ इथेच बसते.

दुसरा प्रश्न, धावा कुठे केल्या? रहाणेच्या १२ कसोटी शतकांपैकी ८ परदेशातली आहेत. वेलिंग्टन, लॉर्ड्स, मेलबर्न दोनदा, कोलंबो दोनदा, किंग्स्टन आणि नॉर्थ साउंड. घरच्या मैदानावर चार.  चेंडू बॅटवर वेगाने आणि उसळून येतो तेव्हा रहाणेचा खेळ खुलतो. चेंडू थांबून, फिरून येऊ लागला की त्याचे पाय क्रीजमध्ये अडकतात, ही त्याच्यावरची जुनी तक्रार. २०१७ च्या अखेरीस श्रीलंका भारतात आली तेव्हा पाच डावांत मिळून त्याच्या १७ धावा झाल्या होत्या.

पण ‘त्याला फिरकी येत नाही’ हे वाक्यही पुरतं टिकत नाही. नोव्हेंबर-डिसेंबर २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धची मालिका फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्ट्यांवर झाली. दोन्ही संघांचे नावाजलेले फलंदाज चाचपडत होते. त्या मालिकेत दोनच शतकं झाली आणि दोन्ही रहाणेची. दिल्लीच्या एकाच सामन्यात १२७ आणि नाबाद १००. मर्यादा आहे, हे खरं. पण ती दर वेळी सारखीच आड येत नाही, हेही तितकंच खरं.

आता ज्या डावाचं नाव दोन्ही बाजू घेतात, तो जवळून पाहू. डिसेंबर २०२०, मेलबर्न. आधीच्या ॲडलेड कसोटीत भारताचा दुसरा डाव ३६ धावांत संपला होता. कर्णधार विराट कोहली पितृत्व रजेवर मायदेशी परतला होता, मोहम्मद शमी जायबंदी होता. नेतृत्व रहाणेकडे आलं. ऑस्ट्रेलियाला १९५ वर रोखल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पॅट कमिन्सने शुभमन गिल आणि चेतेश्वर पुजारा यांना पाठोपाठ काढलं. ३ बाद ६४. तिथून रहाणेने २२३ चेंडूंत ११२ धावा केल्या. रवींद्र जडेजाबरोबर १२१ धावांची भागीदारी झाली आणि शेवटी तो धावबाद झाला. भारताला १३१ धावांची आघाडी मिळाली, सामना आठ गडी राखून खिशात आला.

त्या डावात रहाणेचे झेलही सुटले होते. टीकाकार ते आवर्जून सांगतात आणि त्यात वावगं काही नाही. मात्र झेल सुटणं प्रत्येक मोठ्या डावाच्या वाट्याला कधी ना कधी येतंच. मिळालेल्या जीवदानाचं पुढे काय केलं, हे फलंदाजाच्या हातात असतं.

याच्या उलट टोकाचं दृश्य सहा महिन्यांनी साउदम्प्टनला दिसलं. जून २०२१, न्यूझीलंडविरुद्ध जागतिक कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना. रहाणे ४९ वर जम बसवून खेळत होता. नील वॅग्नरने आखूड चेंडूंचा मारा लावला आणि स्क्वेअर लेगला टॉम लॅथम उभा केला. रहाणेचा पुल अर्ध्यातच थांबला. मारू की सोडू या घोळात चेंडू थेट लॅथमच्या हातात गेला. सापळा डोळ्यांसमोर होता. तंत्र येत नव्हतं असंही नाही. पुल हा त्याचा आवडता फटका. कमी पडला तो निर्णय. चाहत्यांच्या वादात तंत्राची उणीव आणि निर्णयाची चूक या दोन गोष्टी सर्रास एकाच पोत्यात भरल्या जातात. तंत्र सुधारायला नेटमध्ये महिने लागतात. निर्णय मात्र त्या क्षणी मन किती मोकळं आहे यावर अवलंबून असतो, आणि जागा जाण्याची टांगती तलवार डोक्यावर असलेल्या फलंदाजाचं मन मोकळं राहणं अवघड असतं.

असा वाद फक्त आपल्याकडे होतो असं नाही. अमेरिकेत हातात चेंडू घेऊन खेळला जाणारा फुटबॉल आहे. त्यात जवळजवळ प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. संघ जिंकला तर श्रेय त्याचं, हरला तर खापरही त्याच्याच माथी. न्यू यॉर्क जायंट्सचा ईलाय मॅनिंग हा त्यातला गाजलेला वाद. साखळी सामन्यांत तो मैदानात उतरला तेव्हा संघ ११७ वेळा जिंकला आणि ११७ वेळा हरला. चुकीचे पास देऊन चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती देण्यात तो तीन मोसमांत सगळ्या लीगमध्ये पहिला होता. पण २००८ आणि २०१२ या दोन्ही वर्षी सुपर बोल या अंतिम सामन्यात त्याने न्यू इंग्लंड पॅट्रियट्सना हरवलं आणि दोन्ही वेळा सामनावीर ठरला. २००८ च्या त्या सामन्यापर्यंत पॅट्रियट्स मोसमभर अपराजित होते. मानाच्या हॉल ऑफ फेमसाठी मॅनिंग २०२५ मध्ये पहिल्यांदा पात्र ठरला. त्या वर्षी त्याची निवड झाली नाही. मधल्या मोसमांची सरासरी मोठी की दोन शिखरं मोठी, यावर तिकडचे लोकही नेवाशाइतकेच हमरीतुमरीवर येतात.

तिसरा प्रश्न वादात सगळ्यात कमी विचारला जातो. त्याच्या जागी कोण? जानेवारी २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पहिल्या दोन कसोटींत रहाणेला बाहेर ठेवून रोहित शर्माला खेळवलं. श्रीलंकेविरुद्धच्या त्या १७ धावा ताज्या होत्या, त्यामुळे निर्णयाला आधार होता. रोहितने चार डावांत ११, १०, १० आणि ४७ केल्या आणि भारत दोन्ही सामने हरला. जोहान्सबर्गच्या तिसऱ्या कसोटीत चेंडू वेडावाकडा उसळत होता. रहाणे परतला, दुसऱ्या डावात ४८ धावा काढल्या आणि भारत ६३ धावांनी जिंकला. अठ्ठेचाळीस हा आकडा कारकिर्दीच्या तक्त्यात दिसतही नाही, पण त्या खेळपट्टीवर त्याचं मोल मोठं होतं.

पुढची साखळी तर अधिकच बोलकी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कानपूरला रहाणेच्याच नेतृत्वाखाली श्रेयस अय्यरने पदार्पण केलं आणि शतक ठोकलं. काही महिन्यांनी, २०२२ च्या श्रीलंका मालिकेसाठी, रहाणे आणि पुजारा दोघेही संघाबाहेर गेले, अय्यर स्थिरावला. २०२३ मध्ये अय्यरची पाठ दुखावली, म्हणून ओव्हलवरच्या जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी पुन्हा रहाणेला बोलावणं आलं. जवळपास दीड वर्षाने कसोटीत उतरलेल्या रहाणेने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ८९ आणि ४६ केल्या. लगेच पुढच्या वेस्ट इंडीज दौऱ्यात ३ आणि ८. त्यानंतर त्याला कसोटी मिळाली नाही.

चौथा प्रश्न, मर्यादा कायमची असते का? आपल्या परिसराला त्याचं उत्तर शेजारच्या श्रीरामपूरनेच दिलं आहे. वेगवान गोलंदाज झहीर खान तिथला. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या, सात षटकांत ६७. ‘मोठ्या सामन्यात दबतो’ हा शिक्का बसला. संघाबाहेर असताना २००६ मध्ये तो इंग्लंडला वूस्टरशरकडून खेळला, ७८ बळी घेतले आणि नव्याने घडून परत आला. २०११ च्या विश्वचषकात त्याचे २१ बळी होते, शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक.

रहाणेबद्दलही ‘टोलेबाजी जमत नाही’ हे ठरून गेलं होतं. ९० एकदिवसीय सामन्यांत त्याचा स्ट्राइक रेट ७९ च्या आसपास. २०२३ च्या आयपीएलसाठी चेन्नई सुपर किंग्जने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतलं. पहिल्याच सामन्यात, वानखेडेवर, त्याने २७ चेंडूंत ६१ धावा कुटल्या आणि तो मोसम १७२ च्या स्ट्राइक रेटने संपवला. तेव्हा तो पस्तिशीला टेकला होता. चेन्नईने त्याला डाव सांभाळण्याच्या ओझ्यातून मोकळं केलं आणि तोच खेळाडू वेगळा दिसू लागला. आपण जिला खेळाडूची मर्यादा म्हणतो ती पुष्कळदा त्याच्यावर सोपवलेल्या कामाची असते.

हे सगळं एकत्र मांडलं तर नेवाशातल्या दोन्ही बाजूंना आपापला हट्ट थोडा सोडावा लागेल. २०२१ नंतर कसोटीतली रहाणेची जागा पक्की धरणं शक्य नव्हतं. त्याला वगळण्यात अन्याय झाला, असं म्हणायला आकडे साथ देत नाहीत. पण ‘एका मेलबर्नवर जगला’ हेही खोटं आहे. लॉर्ड्सपासून ओव्हलपर्यंत नऊ वर्षं, परदेशात, डाव ढासळलेला असताना बहुतेक वेळा पाचव्या क्रमांकावर येऊन त्याने जे केलं ते त्याच्या पिढीत फार थोड्यांना जमलं. त्या कामासाठी तो उत्तम होता. घरच्या फिरत्या खेळपट्टीवर मालिकांमागून मालिका धावांचा रतीब घालणं, हे त्याचं काम कधीच नव्हतं.

कर्णधार रहाणेचा हिशेब इथे मुद्दाम घेतलेला नाही. सहा कसोटी, चार विजय, दोन अनिर्णित, पराभव एकही नाही. एवढ्या सामन्यांवरून नेतृत्व जोखता येतं का, हा स्वतंत्र विषय आहे आणि तो नवव्या भागात येईल. त्याआधी, पुढच्या आठवड्यात, क्षेत्ररक्षण. २०१५ मध्ये गॉलला रहाणेने एका कसोटीत आठ झेल घेतले, यष्टिरक्षक सोडून इतर क्षेत्ररक्षकांमधला तो तेव्हाचा जागतिक विक्रम ठरला. भारत तो सामना हरला, आणि ३८.४६ या आकड्यात त्यातला एकही झेल मोजलेला नाही. झेलांची किंमत धावांत कशी काढायची, ते आठव्या भागात पाहू.