दर्यात हरवलेले बडे अब्बा इंग्रजांच्या दप्तरात सापडले

आमच्या घरात एक गोष्ट नेहमी दबक्या आवाजात सांगितली जाई. माझ्या दादांचे थोरले भाऊ बोटीवर खलाशी होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते विलायतेच्या सफरीवर गेले आणि परत आले नाहीत. गावाने आपला निकाल देऊन टाकला, "मडमेशी लग्न केलं आणि तिकडचाच झाला."

मागे राहिल्या त्यांच्या एकोणीस वर्षांच्या पत्नी. माझे अब्बा त्यांना बडी अम्मा म्हणत. नवऱ्याच्या मृत्यूची खबर नाही म्हणून त्या इद्दतीला बसल्या नाहीत आणि तलाक नाही म्हणून दुसरा निकाह झाला नाही. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर न्यायालयातून निकाह फस्ख करून घेण्याचा हक्क देणारा कायदा १९३९ साली आला. तेव्हा बडी अम्मांची चाळिशी उलटली होती. जवळजवळ साठ वर्षे त्या 'टाकलेली बायको' म्हणून जगल्या आणि तशाच अल्लाहला प्याऱ्या झाल्या.

दोन वर्षांपूर्वी घराची कौले उतरवताना माळ्यावर एक पत्र्याची पेटी सापडली. तीत उर्दूतले एक पत्र होते. मी शाळेत उर्दू शिकवते, म्हणून ते माझ्याकडे आले. लिव्हरपूलहून लिहिलेले, तारीख रमजान १३३३. म्हणजे इसवी सन १९१५चा जुलै-ऑगस्ट. खाली बोटीचे नाव उर्दू अक्षरांत, जेर-जबर काही नाही. ते नाव लागायला मला आठ दिवस लागले. पण तेच आमच्या शोधाचे पहिले टोक ठरले.

आपली माणसे इंग्रजांच्या कागदात कशी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळ, जयगड, राजापूर, बाणकोट अशा खाड्यांकाठच्या मुस्लिम घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश जहाजांवर सुमारे ५१ हजार लास्कर कामाला होते. सारंग, तांडेल, सुकाणी, आगवाला ही आपल्या तोंडची नावे इंग्रजी कागदांतही थोड्याफार फरकाने दिसतात.

कंपन्यांना या माणसांचा हिशेब ठेवावाच लागे. १८२३च्या कायद्याने लास्करांना इंग्लंडमध्ये कामावरून मोकळे करायला बंदी होती आणि त्यांना हिंदुस्थानात परत पोचवण्याची जबाबदारी जहाजमालकावर होती. हेतू त्यांच्या भल्याचा नव्हता, ती माणसे इंग्लंडमध्ये राहू नयेत असा होता. पण सफरींच्या खलाशी-याद्या तयार झाल्या आणि त्यांतल्या पुष्कळशा याद्या आजही शाबूत आहेत.

आपल्याकडचे चित्र उलटे आहे. हिंदुस्थानच्या जुन्या जनगणनांचे आकडे छापले गेले, पण घरोघरी भरलेले तक्ते जपले गेले नाहीत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे प्रचंड दप्तर आहे. मात्र त्यातल्या जन्म, विवाह आणि दफनाच्या नोंदी मुख्यतः युरोपियन आणि ख्रिस्ती लोकांच्या आहेत. तिथे आपल्या पणजोबांचा निकाह शोधत बसू नये. तो सापडला तर गावच्या काझींच्या रजिस्टरात.

कुठे शोधावे?

१८६१ ते १९३८ या काळातल्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-याद्या मुख्यतः तीन ठिकाणी विखुरल्या आहेत. काही भाग लंडनजवळ क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे. पाचच्या आकड्याने संपणाऱ्या बहुतेक वर्षांच्या याद्या ग्रिनिच येथील नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे आहेत आणि सर्वांत मोठा साठा कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात आहे. यांतल्या १९१५च्या याद्या स्वयंसेवकांनी उतरवून काढल्या असून त्या इंटरनेटवर मोफत शोधता येतात. आमच्या पत्राचे वर्ष नेमके तेच निघाले.

युद्धात गेलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी आहे. तीही मोफत आहे. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत, मशीद बंदर भागातल्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांची नावे स्मरणग्रंथात नोंदलेली असून तो ग्रंथ मुंबई आणि चितगाव अशा दोन्ही ठिकाणी ठेवला आहे.

कुणी खरोखरच इंग्लंडमध्ये राहिले असेल तर शोध आणखी सोपा होतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे. १९२१ पर्यंतच्या जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचे नाव पाहता येते. १९३१ची जनगणना आगीत जळाली आणि १९४१ची झालीच नाही. पण सप्टेंबर १९३९ मध्ये केलेली नागरी रहिवाशांची नोंद उपलब्ध आहे.

नावाचा घोळ

खरी कसोटी इथे लागते. गोऱ्या कारकुनाने जे कानाने ऐकले ते लिहिले. एकच महंमद कुठे 'महोमेद' तर कुठे 'महोमेट' होतो. हुसेनमध्ये कधी 'यू' येतो, कधी दोन 'ओ'. रत्नागिरीचे 'रुटनाघेरी' झालेले दिसते. आडनाव तर बहुधा नसतेच. माणसाचे नाव, पुढे बापाचे नाव, झाले. म्हणून आडनावाने शोधू नका. नाव उर्दूत लिहा, मोठ्याने उच्चारा आणि ते इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहिता येईल याची यादी करा. मी बडे अब्बांच्या नावाच्या अकरा तऱ्हा लिहिल्या. नववी लागली.

नाव जुळले की आनंदाने उडी मारू नका. अब्दुल्ला इब्राहीम एका बोटीवर तिघे असू शकतात. बापाचे नाव, गाव, वय आणि बोट यांपैकी निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय 'हे आपलेच' म्हणू नये. दुसऱ्याच्या पूर्वजाला आपल्या घरात आणून बसवणे हाही नसबीचा खोटा दावाच आहे.

आम्हाला काय सापडले

१९१५च्या यादीत त्या बोटीवर बडे अब्बांचे नाव, त्यांच्या वालिदांचे नाव, वय चोवीस आणि आमच्या गावाचे मोडतोड झालेले नाव मिळाले. मग वॉर ग्रेव्ह्जच्या यादीत तेच नाव, तीच बोट, तेच गाव आणि १९१७ची एक तारीख. जर्मन पाणबुडीने बोट भूमध्य समुद्रात बुडवली होती.

मडम नव्हती. विलायतेतला संसार नव्हता. गावात त्यांची बदनामी चालली होती तेव्हा बडे अब्बा समुद्राच्या तळाशी होते.

मी अब्बांना फोनवर हे वाचून दाखवले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "बडी अम्मा दर ईदला त्यांचा सदरा उन्हात घालायची. आम्ही हसायचो."

शोध संपला, हक्क राहिला

बडे अब्बांनी पहिल्या दोन सफरींच्या कमाईतून नारळीची एक छोटी वाडी स्वतःच्या नावावर घेतली होती. त्यांना मूलबाळ नव्हते. अशा वेळी बायकोचा हिस्सा कुरआनने एक चतुर्थांश ठरवून दिला आहे. बडी अम्मांना तो मिळाला नाही, कारण नवरा गेला हेच कुणाला माहीत नव्हते. वाडीचे नारळ मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

अब्बा आणि चाचा मुफ्तीसाहेबांकडे गेले. त्यांनी कागद पाहिले, वारसांची साखळी मांडून हिशेब करून दिला. बडी अम्मांच्या भावाची नातवंडे खाडीपलीकडच्या गावात राहतात. त्यांचा वाटा त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्या घरातल्या एका वृद्ध फुफू म्हणाल्या, "पैशाचं राहू दे बाळा. ती टाकलेली नव्हती, एवढं सगळ्यांना सांग." म्हणून हा लेख.

आपल्या रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी नातीगोती जोडून ठेवता यावीत म्हणून आपली नसब शिकून घ्यायला सांगितले आहे. तिरमिजीत ही हदीस आहे. बढाईसाठी नव्हे, सिलारहमीसाठी. मोठा खानदान सापडेल या आशेने शोधाल तर निराश व्हाल. कागदात बहुधा कोळसा ओढणारी, भांडी घासणारी, दोर ओढणारी माणसेच सापडतात. त्यांच्याच घामावर आपली घरे उभी राहिली.

सुरुवात लंडनहून करू नका. घरातल्या बुजुर्गांपासून करा. बोटीचे नाव, बापाचे नाव, गाव विचारा. जुनी पत्रे, मनिऑर्डरच्या पावत्या, सफरीचे पुस्तक जपून ठेवा आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढा. लंडनचे कागद आणखी शंभर वर्षे टिकतील. आपली नानी, दादी तेवढी थांबणार नाही.