चांदरातीची काळी मेंदी

ईद नेमकी कधी, हे एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. मगरिबनंतर चंद्र दिसल्याची बातमी येते आणि हातात एकच रात्र उरते. त्या रात्रीत शिरखुर्म्याचा सुका मेवा चिरायचा, कपड्यांना इस्त्री करायची, बांगड्या घ्यायच्या आणि मुलींची मेंदीही काढायची. या घाईवरच झटपट काळा रंग देणारा कोन खपतो. नागपंचमीला आणि लग्नसराईत तोच कोन त्याच दुकानातून इतर घरांतही जातो.

मेंदी म्हणजे झाडाचा पाला, त्याने काय होणार, असे आपण धरून चालतो. पाल्याच्या मेंदीबाबत हे बहुतांशी खरे आहे. तिच्यातले लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरातील केराटिनला सावकाश चिकटते. धुतल्यावर आधी नारिंगी दिसते, एक-दोन दिवसांत तपकिरी-लाल होते. तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथे रंग अधिक चढतो. मात्र पाल्याची मेंदी कधीच काळीभोर होत नाही. उर्दू शायरीतली हिनासुद्धा लालच असते!

तासाभरात काळा रंग आला, तर त्यात बहुधा पॅराफेनिलीनडायमाइन, म्हणजे पीपीडी असते. केस काळे करण्याच्या डायमधले हे रसायन. युरोपीय संघाने केसांवर लावताना त्याचे प्रमाण 2 टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे आणि कातडीवर ते वापरायला परवानगीच नाही. आपल्या कोनावर बऱ्याचदा घटकच छापलेले नसतात, मग प्रमाण कुठून कळणार?

गंमत अशी, की त्या रात्री काहीच होत नाही. दोन-तीन दिवसांनी, कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी खाज सुटते, नक्षीच्या रेषेवरच कातडी फुगते, पाण्याचे फोड येतात. तोवर ईद होऊन गेलेली असते, त्यामुळे घरात संशय नव्या कपड्यांवर किंवा खाण्यावर जातो. काही मुलांच्या हातावर नक्षीच्या आकाराचा फिकट डाग महिनोन्महिने राहतो.

त्याहून वाईट म्हणजे शरीर हे रसायन विसरत नाही. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्मभराची. सातव्या वर्षी काढलेल्या मेंदीची किंमत तीच मुलगी चाळिशीत पहिल्यांदा डाय लावताना मोजते: डोळे मिटतील इतका चेहरा सुजतो, क्वचित श्वासही अडकतो. गडद कपड्यांचे काही रंग आणि बधिरता आणणारी काही मलमेही तिला सोसत नाहीत. घरातले चाचा दाढीला ‘काळी मेंदी’ म्हणून जी पूड लावतात, तिच्यातही अनेकदा पीपीडीच असते. पाकिटावरचे पान पाहून फसू नये.

फोड आलेच तर हळद, टूथपेस्ट, लिंबू काही लावू नये. हात धुऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. लिंबाचे तर वेगळेच प्रकरण आहे. ईदच्या आधी चेहरा उजळावा म्हणून रस चोळून उन्हात गेल्यास भाजल्यासारखी लाली येते आणि नंतर तपकिरी डाग उरतात. म्हणजे हवे होते त्याच्या अगदी उलट!

तान्ह्या बाळाला मात्र खरी मेंदीही लावू नये. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल, तर लॉसोन त्वचेतून शरीरात जाऊन तांबड्या पेशी फुटतात आणि बाळाला तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता आहे हे अनेक घरांना माहीतच नसते.

मग चंद्राचे काय करायचे? अठ्ठाविसाव्या रोज्याला दुपारीच मेंदीची पूड भिजवून ठेवावी. इफ्तार आणि तरावीह उरकल्यावर काढावी, रात्रभर ठेवावी आणि सहरीला उठल्यावर खरवडून टाकावी. मेंदीने रोजा तुटत नाही. वजूलाही रंगाची अडचण नाही; फक्त वाळलेला लगदा निघालेला हवा, म्हणजे पाणी कातडीपर्यंत पोहोचते. ईद एकोणतीस रोज्यांनी येवो की तीस, नमाजच्या सकाळी रंग पुरता चढलेला असतो, आणि चांदरात बांगड्यांसाठी मोकळी राहते.