ओढ प्रभाराची, थर शेपटीचे

‘विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात, म्हणून आयनिक द्रव स्फटिकांतले रेणू आपोआप थरांत लागतात’ हे विधान इतकं सोपं वाटतं की ते तपासावं असं कुणाच्या मनात येत नाही. पण ते चूक आहे, आणि ती चूक दाखवायला स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. सोडियम आणि क्लोराइड यांची ओढ इतकी घट्ट की मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. तरी वितळल्यावर त्याचा साधा द्रव होतो. वाहणारी, तरीही रचना टिकवणारी मधली द्रव स्फटिक अवस्था येतच नाही. ओढच थर लावत असती, तर मिठाने पहिला नंबर पटकावला असता. प्रभाराच्या ओढीला दिशा नसते. धन आयनाला ऋण आयन चहूबाजूंनी हवे असतात, आणि थर म्हणजे तर एक दिशा बाकीच्या दिशांहून वेगळी पडणं. हा वेगळेपणा रेणूच्या आकारातूनच यावा लागतो.

पुरावा स्पष्ट आहे, म्हणून तर हा गैरसमज पुन्हा पुन्हा ऐकताना चीड येते. होल्ब्री आणि सेडन यांनी १९९९ मध्ये इमिडॅझोलियम क्षारांची एक मालिका तपासली. धन आयनाचं प्रभारित वलय तेच, त्यावरचा मिथिल गट तोच, ऋण आयनही तोच, टेट्राफ्लुओरोबोरेट. बदलत गेली ती फक्त वलयाला जोडलेली कार्बन साखळी, म्हणजे रेणूची शेपटी. ती २ ते १० कार्बनची असेपर्यंत साधे आयनिक द्रव, म्हणजे केवळ आयनांचे बनलेले द्रव, मिळाले. १२ पासून पुढे मात्र स्मेक्टिक ए, म्हणजे थरांची अवस्था. प्रभार रतीभरही बदलला नव्हता. १० आणि १२ मध्ये एवढी उडी कशी, असं कुणी विचारेल. पण ती उडी वाटते तेवढी अचानक नाही. ट्रिओलो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं की आखूड साखळीच्या साध्या आयनिक द्रवांतही शेपट्या नॅनोमीटरच्या मापाचे वेगळे पुंजके करतात आणि साखळीबरोबर ते मोठे होतात. प्रभारित डोकी, म्हणजे वलयं आणि त्यांचे ऋण आयन, एकमेकांजवळ गर्दी करतात, शेपट्या त्या गर्दीबाहेर ढकलल्या जाऊन आपापसांत गोळा होतात. साखळी पुरेशी लांब झाली की सुट्या पुंजक्यांचे सलग थर होतात. थरांतल्या शेपट्या वितळलेल्या, वळवळत्या असतात. म्हणून पदार्थ वाहतो, पण थर टिकतात.

मग प्रभार निरुपयोगी का? नाही, आणि हे दुसरं टोक गाठणंही तितकंच चूक. डोडेकेनमध्ये १२ कार्बनांची साखळी आहे, प्रभार नाही, आणि तो एक साधा द्रव आहे. शेपट्यांना बाजूला काढायला प्रभारित डोकी लागतातच. शिवाय ऋण आयन कोणता यावरही बरंच काही ठरतं. याच कुळातल्या लांब साखळीच्या क्षारांत क्लोराइड असेल तर थर मिळतात, कारण तो लहान आहे आणि वलयावरच्या हायड्रोजनांशी नेटके बंध करतो. त्या जागी बिस्ट्रायफ्लिमाइड घातला की ही अवस्था नाहीशी होते, असं ब्रॅडली, सेडन आदींच्या २००२ च्या क्ष-किरण अभ्यासात दिसलं. हा आयन अवाढव्य, लवचीक आणि त्याचा प्रभार पसरलेला. डोक्यांची वीण तो सैल करतो. म्हणजे वेगळं करण्याचं काम प्रभाराचं, पण ते वेगळेपण कोणत्या घडणीत उतरेल हे आकार ठरवतो.

घडण बदलायची तर शेपट्यांची संख्या बदलून पाहावी. डोक्याची आणि एका शेपटीची रुंदी साधारण जुळते, म्हणून सपाट थर. एका डोक्याला तीन शेपट्या लावल्या की रेणू पंख्यासारखा होतो. असे पंखे टोकं आत करून गोलाकार बसतात आणि थरांऐवजी स्तंभ उभे राहतात, आयन मधोमध, शेपट्या बाहेर. डोक्याचं क्षेत्रफळ आणि शेपटीचं आकारमान व लांबी यांच्या गुणोत्तरावरून अशी घडण ओळखण्याची रीत इस्राएलाश्विली, मिचेल आणि निनहॅम यांनी १९७६ मध्ये मांडली, तीही साबणासारख्या रेणूंसाठी. साबणही याच घराण्यातला आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

बाकीचे गैरसमज एकेका वाक्याचे. द्रव स्फटिक म्हणजे द्रव आणि स्फटिक यांचं मिश्रण नव्हे. ती एकच, एकजीव अवस्था आहे. आयनिक म्हणजे पाण्यात विरघळलेलं, असंही नाही. वरच्या क्षारांना पाणी लागत नाही, उष्णता पुरते. आणि रेणू काडीसारखाच हवा हा समज तर १९७७ मध्येच मोडला, बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी तबकडीसारख्या रेणूंचे द्रव स्फटिक दाखवले तेव्हा.

प्रभार आणि आकार यांच्या कामांतला हा भेद नुसता शब्दांचा नाही. टोकियोच्या काटो यांच्या गटाने २००४ मध्ये पंख्याच्या आकाराच्या इमिडॅझोलियम क्षारांचे स्तंभ दाबून-सरकवून एका दिशेत लावले, तेव्हा स्तंभांच्या दिशेने आयनवहन आडव्या दिशेपेक्षा जास्त भरलं. आयन तेच, प्रभार तोच; मोजमापातला फरक पडला तो केवळ दिशेमुळे, आणि ज्या स्तंभांना ती दिशा होती, ते पंख्यासारख्या आकारातून आले होते.